चंदाचं बाळंतपण

"जरा हळू बोला पद्माक्का, आत पालीचं बाळंतपण चाललंय," रत्नावहिनी म्हणाली आणि चहाचा कप माझ्यापुढं असा ठेवला, की अर्धा चहा बशीत आला.

"कुणाचं?"

"पालीचं. बरोबर ऐकलंत. सून बाळंतपणाला माहेरी आणि पाल सासरी. आमच्या घरची रीतच न्यारी."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पूर्वी त्या खोलीत सुताचे नमुने असायचे. आता टेबलावर एक लांबलचक काचेची पेटी होती, पेटीवर दिवा लावलेला, आणि पेटीसमोर स्टुलावर रावसाहेब दिवटे बसले होते. अठ्ठेचाळीस मागांचे मालक. कांड्या भरणाऱ्या बायकांपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांच्या हातात बॅटरी होती आणि ते एका प्लॅस्टिकच्या डब्यात डोकावत होते. देवघरातही त्यांना इतकं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला चहाला बोलावलेलं नाही, एवढं मला समजत होतं. दिवट्यांच्या घरी नुसत्या चहाला कुणाला बोलावत नाहीत.

रत्नावहिनीनं टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे आता खरं बोलणं सुरू होणार.

"अक्का, तृप्तीच्या आजोळची तुम्ही नीट चौकशी केली होती ना?"

"केली होती की. भाळवणीचे लोक. शेती, दोन एकर डाळिंबाची बाग, मामा मास्तर."

"ते नव्हे ओ. दिसायला कसे आहेत सगळे?"

"नाकी डोळी नीटस."

"अक्का!" वहिनी वैतागली. "तुम्हाला कळतंय मी काय विचारतेय ते."

कळत होतं. म्हणून तर मी बशीतला चहा परत कपात ओतण्यात वेळ घालवत होते.

हे सगळं घडलं त्याला आता नऊ वर्षं झाली. आमच्या समाजातल्या सोयरिकी मी जुळवते, इचलकरंजीपासून विटा-माधवनगरपर्यंत. दिवट्यांच्या विश्वजितसाठी विट्याची तृप्ती मीच सुचवली होती. त्यांची अट एकच, मुलगी गोरी पाहिजे. अण्णा गोरे, वहिनी गोरी, विश्वजित तर लहानपणी इतका गोरा की शेडमधल्या बायका त्याला 'पोलीस्टर' म्हणायच्या. बघायच्या कार्यक्रमात वहिनीनं तृप्तीचा हात हातात घेतला. कौतुकानं घेतला, असं त्या पोरीला वाटलं. वहिनीनं तिच्या बांगड्या मागं सारल्या आणि आपलं मनगट शेजारी धरून बघितलं. तृप्ती एक छटा उजळ निघाली. "पसंत," वहिनी म्हणाली. मुलगी एम. एस्सी. झालीय हे तिला साखरपुड्यात कळलं.

तृप्तीला मुलगी झाली. धट्टीकट्टी, कुळकुळीत जावळ, आणि सावळी. सावळी म्हणजे चांगली सावळी. वहिनी बारशाला विट्याला गेली, पाळण्यात वाकून बघितलं आणि बाहेर येऊन जमलेल्या बायकांना म्हणाली, "अजून रंग उमटायचाय."

आमच्यात बाळ-बाळंतिणीला तिसऱ्या महिन्यात सासरी आणतात. नाहीतर पाचव्यात. चौथा, सहावा चालत नाही, सम महिना वर्ज्य. तिसऱ्यात वहिनी म्हणाली, ऊन फार आहे, पोरगी रापेल. आणि बाळ आणायचं सोडून नुसता ड्रायव्हर पाठवला, त्याच्याबरोबर डाळीचं पीठ, आंबेहळद आणि केशराची डबी. "सायीत कालवून लावा, जरा उजळली की आणू." पाचवा लागला तेव्हा म्हणाली, अजून थोडं लावा. तोवर आमच्या गल्लीत 'कुणावर गेलीय ओ?' हा प्रश्न भाजीच्या गाड्यावरसुद्धा विचारला जाऊ लागला होता. उत्तर कुणी देत नव्हतं. सगळे नुसते विचारत होते आणि कोथिंबीर निवडत होते.

त्या दिवशी सकाळीच मला तृप्तीच्या वडिलांचा फोन आला होता. शांत माणूस. म्हणाले, "अक्का, उद्या पाचवा संपतो. उद्या नेलं तर नेलं. नाहीतर तृप्ती इथंच राहील. इथल्या शाळेत शिकवायला तिला जागा आहे. आणि पुढचं बोलणं मग वकिलामार्फत." आणि ठेवला.

हे मी वहिनीला सांगितलं. तिनं टीव्हीकडं बघत ऐकलं.

"धमकी देतात होय?"

"तारीख देतात."

"मग देऊ देत की. मी काय कुणावर आळ घेतला का? मी एक शब्द तरी बोलले का आजवर?"

तेही खरंच. एक शब्दही बोलली नव्हती. नुसतं पीठ पाठवलं होतं.

तेवढ्यात आतून अण्णांनी हाक मारली. "अक्का! या, या. लवकर या. चंदाचं पहिलं अंडं तडकलं!"

मी गेले. वहिनीपुढून उठायला निमित्त पाहिजेच होतं.

चंदा ही पेटीतली पाल. पण आपल्या भिंतीवरची नव्हे. ही परदेशी जात, पुण्या-मुंबईची पोरं तिला लेपर्ड गेको म्हणतात. भिंतीवर चढत नाही, जमिनीवर हिंडते, जाडजूड शेपूट, आणि चक्क डोळे मिटते. मूळ जात पिवळी, अंगभर काळे ठिपके. पण चंदाच्या अंगात काळा रंगच नव्हता. दुधात केशर खललं की जसा रंग येतो तशी. शेजारच्या पेटीत तिचा नवरा सोन्या, तोही तसाच, उलट जरा अधिक गोरा.

"ही मिरजेच्या बागवान मॅडमकडनं आणली," अण्णा सांगू लागले. "कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात त्या. आणि हा पुण्याहून. एका पोराकडं पाच नर होते. मी म्हटलं, यातला सगळ्यात गोरा दे. गोऱ्याला गोरी. पिल्लं कशी निघतील बघा आता, लोण्याच्या गोळ्यासारखी."

पेटीच्या कोपऱ्यात श्रीखंडाचा मोठा डबा होता. झाकण लावलेलं, बाजूला पाल जाईल एवढं गोल भोक.

"हे काय, श्रीखंड खाते का ही?"

"छे ओ. ही तिची ओली खोली." अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "आत काथ्या भिजवून ठेवलाय. फार ओला नको, मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये. कात टाकायची वेळ आली की आत जाऊन बसते. हवा कोरडी असली तर कात बोटाला चिकटून राहते. मग बोट आवळतं, काळं पडतं, गळून जातं. आपल्या सुताचं बघा की. शेडमध्ये दमट नसलं तर धागा तटातट तुटतो. कातडीचं तसंच."

भोकाच्या वर त्यांनी शेडमधला दमटपणा मोजायचा काटा आणून चिकटवला होता. अठ्ठेचाळीस मागांना दोन काटे, त्यातला एक पालीला.

"गेल्या महिन्यात तिच्या करंगळीला कात अडकली," वहिनी दारातून म्हणाली. "दुपारी अर्धा तास कोमट पाण्यात पाल धरून बसले होते. कापसाच्या काडीनं एकेक बोट सोडवलं. मला तीन बाळंतपणं झाली अक्का, माझे पाय कुणी शेकले नाहीत."

"अगं, तुझी बोटं कुठं गळत होती?"

अंडी त्याच ओल्या डब्यात घातलेली होती. ती काढून अण्णांनी निराळ्या डब्यात, उबेला ठेवली होती. दोन होती. एक तडकलं होतं, आणि चिरेतून एक इवलंसं नाक बाहेर आलं होतं. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. विश्वजितही जिन्यावरून उतरून मागं येऊन उभा राहिला. पोरगा चांगला. दर रविवारी विट्याला वसुलीला म्हणून जायचा आणि पोरीला खेळवून यायचा. पण आईपुढं काही बोलायची वेळ आली की नेमका त्याला फोन यायचा.

पिल्लू जोर करून अंड्याबाहेर आलं. अंग झाडलं. अण्णांनी बॅटरी जवळ धरली.

काळे पट्टे. पिवळ्या अंगावर काळेशार पट्टे, वाघाच्या बच्च्यासारखे. लोणी कुठंच नव्हतं.

पिल्लू मजेत आपले डोळे चाटत होतं. या जातीला ती सवय असते.

"हे कुणावर गेलंय?" रत्नावहिनी म्हणाली.

अण्णांनी बॅटरी आणखी जवळ नेली.

"आई गोरी. बाप गोरा. आणि हे काळं." वहिनीनं वर ट्यूबलाइटकडं बघितलं. तिथं आपली नेहमीची पाल निवांत चिकटलेली होती. "कधीतरी झाकण उघडं राहिलं असणार. ती शिरली आत."

"काहीतरीच काय! ती भिंतीवरची, ही परदेशातली. जात वेगळी आहे गं, नाही होत तसं!"

"जात वेगळी असली म्हणून जगात कुठं काय थांबलंय?"

"रत्ना!"

अण्णांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. संपात कामगारांशी बोलतानासुद्धा त्यांनी आवाज चढवला नव्हता.

"तीन वर्षं ती माझ्या घरात आहे. झाकण मी उघडतो, मीच लावतो. तिचं खाणंपिणं, उठणंबसणं मला ठाऊक आहे. तिच्या पोटचं पिल्लू ते, रंग कसा का असेना! चंदावर असला घाणेरडा आळ मी माझ्या घरात ऐकून घेणार नाही! समजलं?"

बाहेर मालिकेतली कुणीतरी रडत होती. इथं सगळे उभेच्या उभे. विश्वजितनं बापाकडं बघितलं, मग आईकडं, मग जमिनीकडं. या खेपेला त्याला फोन आला नाही.

"मी पालीचं बोलतेय," वहिनी पुटपुटली.

"हो, हो," मी म्हटलं. "आम्ही पण पालीचंच ऐकतोय."

अण्णांचे कान लाल झाले होते. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. पण माणूस तडीस नेणारा. त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब. आत्ता छडा लावतो." आणि स्पीकर चालू करून बागवान मॅडमना लावला.

"बोला अण्णा! निघाली काय पिल्लं?" मॅडमचा आवाज घरभर.

"एक निघालं. पण मॅडम, काळे पट्टे आहेत. दोन्ही गोरे असून."

"नर कुठला? मी तर मादीच दिली होती."

"पुण्याहून आणला."

"कुठल्या घराण्यातला?"

"घराणं? आता... गोरा होता ओ. चांगला गोरा होता."

मॅडम हसल्या. "अण्णा, गोरेपणाची पालीत तीन वेगवेगळी घराणी असतात. तुमची चंदा ट्रेम्पर घराण्यातली. त्याचे डोळे कसे आहेत?"

अण्णांनी सोन्यावर बॅटरी मारली. "लालभडक."

"मग तो बेल घराण्यातला असणार. झालं तर. एका घराण्यातली दोघं असती तर सगळी पिल्लं गोरी निघाली असती. दोन घराण्यांतली एकत्र आणलीत, आता दुसरं अंडं फुटलं तरी पट्टेवालंच निघणार. गोरं एक पण नाही."

"असं कसं?"

"रंग तयार व्हायला बऱ्याच गोष्टी लागतात अण्णा. चंदाच्यात एक गोष्ट बिघडलीय, नराच्यात दुसरीच. पिल्लाला एकेक चांगली गोष्ट दोघांकडनं मिळाली. रंग पूर्ण झाला."

अण्णा मांडीवर थाप मारून ओरडले, "कळलं! हिच्या मागाला उभा धागा नाही, पण आडवा आहे. त्याच्या मागाला आडवा नाही, उभा आहे. दोन्ही माग बंद, पण कारणं निराळी! पिल्लाला उभा बापाचा मिळाला, आडवा आईचा. कापड निघणारच की!"

"शंभर टक्के. तुम्ही या आमच्या कॉलेजात शिकवायला."

"म्हणजे चंदाचा काही दोष नाही?"

"दोष? अण्णा, तुम्ही रंग बघून नर आणलात. घराणं विचारलं नाहीत. त्यात तिचा काय दोष?"

अण्णांनी वहिनीकडं असं बघितलं, जसं काही कोर्टातून चंदा निर्दोष सुटली. वहिनीनं हार मानली नाही. फोनच्या जवळ येऊन मोठ्यानं विचारलं, "पण बाई, आईच्या अंगावर काळं नाही, बापाच्या अंगावर नाही. मग होतं कुठं ते?"

"त्यांच्यातच होतं की. दिसत नव्हतं."

"माणसात पण असं असतं का?"

हे विश्वजितनं विचारलं. पाच महिन्यांत त्या घरात त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला कामाचा प्रश्न.

"माणसाचं याहून किचकट असतं. माणसाचा रंग एका-दोन ठिकाणी ठरत नाही, कितीतरी ठिकाणांहून थोडा थोडा येतो. गोऱ्या जोडप्याला सावळं मूल होतं की. आजीचं, पणजीचं मधेच नातवंडात उतरतं. का ओ, कुणाला बाळ झालंय काय?"

अण्णा हळूच म्हणाले, "झालंय. नात झालीय मला."

"अरे वा! कधी?"

"पाच महिने झाले."

"पाच महिने?" मॅडम थांबल्या. "आणि मला सांगितलं पण नाही? चंदानं अंडी घातली तर तासाभरात फोटो आला होता तुमचा! पाठवा की नातीचा फोटो."

"पाठवतो," अण्णा म्हणाले आणि फोन बंद केला.

मग ते फोटो शोधू लागले. मी शेजारीच होते, मला दिसत होतं. चंदा खाताना. चंदा झोपलेली. चंदाची कात. सोन्या. चंदा आणि सोन्या. ओला काथ्या. मागाचा एक तुटलेला सुटा भाग. पुन्हा चंदा. त्यांचं बोट पुढं पुढं सरकत राहिलं, मग हळू झालं, मग थांबलं. नातीचा फोटो त्यांच्याकडं नव्हताच.

विश्वजितनं आपला फोन त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. परत लहान केला. आणि खाली स्टुलावर बसले.

"ही तर आई आहे," ते म्हणाले.

"कुणाची आई?" वहिनी.

"माझी. बघ की. भुवई बघ."

मीही बघितलं. त्यांच्या आईला, तानूबाईंना, मी ओळखत होते. सगळी गल्ली त्यांना थोरल्या म्हणायची. रंग बिडाच्या तव्याचा. एका मागावरून आठ माग त्या बाईनं केले होते, नुसत्या डाव्या भुवईच्या जोरावर. ती वर गेली की कामगार कामाला लागायचा, व्यापारी भाव उतरवायचा, आणि रत्नावहिनी असेल तिथून स्वयंपाकघरात जायची. चौदा वर्षं वहिनीनं त्या भुवईखाली काढली होती. फोटोतली पोरगी कॅमेऱ्याकडं बघत होती आणि तिची डावी भुवई बरोब्बर तेवढीच वर होती.

"त्या कुठं सावळ्या होत्या?" वहिनी म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. "हॉलमध्ये फोटो आहे की. चांगल्या गोऱ्या दिसतात."

"तो मी रंगवून घेतलाय," अण्णा म्हणाले. "आईच्या चौदाव्याला. स्टुडिओवाल्याला तूच सांगितलंस, जरा उजळ करा, पाहुणे येतात म्हणून. एवढा गुलाबी केला त्यानं, की आईला मी पहिल्यांदा ओळखलंच नव्हतं. आता तुला तो फोटोच आठवतो, आई आठवत नाही."

वहिनीनं विश्वजितच्या फोनकडं पुन्हा एकदा बघितलं. आठवत होतं. चेहऱ्यावरून दिसतच होतं की सगळं आठवत होतं.

पालीची तीन घराणी तिच्या डोक्यावरून गेली होती. उभा-आडवा धागाही गेला असावा. पण आमच्याकडं एक शास्त्र असं आहे, की ते कुणाला शिकवावं लागत नाही. गेलेलं माणूस आपल्याच घरात परत येतं, आणि येताना जुनं काही विसरत नाही.

मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "म्हणजे थोरल्या पाच महिने विट्याला वाट बघत बसल्यात म्हणायच्या. आणि वहिनी, तुम्ही त्यांना निरोप पाठवताय, साय लावा, उजळा, मग आणते."

"अक्का, गप बसा हो," वहिनी म्हणाली. पण 'हो' फार बारीक निघाला.

"केशर पण पाठवलं होतंस ना?" अण्णांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. ते खरोखरच विचारत होते.

वहिनी उठली आणि देवघरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "विश्या, गाडीत पेट्रोल आहे का बघ. सकाळी लवकर निघायचं. उद्या संपतोय पाचवा."

"मी एकटा जाऊन आणतो की आई."

"तू काय आणणार! त्यांना आणायला घरचं मोठं माणूस नको?"

'त्यांना' म्हणाली. मी ऐकलं, अण्णांनी ऐकलं. विश्वजित फोन कानाला लावून अंगणात गेला. या खेपेला फोन त्यानंच लावला होता.

सकाळी गाडीत मलाही बसवलं. सोयरीक मी जमवली, तर बिघडलेली सांधायलाही मीच. अण्णा पुढं, विश्वजित गाडी चालवायला, मागं मी, वहिनी आणि मध्ये झबली-टोपड्यांची पिशवी. तासगाव मागं पडेपर्यंत वहिनी एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून बघत होती, ओठातल्या ओठात. काय ते ऐकू आलं नाही. एकदा मला विचारलं, "त्या काही बोलल्या का हो शेवटी? जाताना? तुम्ही होता ना दवाखान्यात?"

"तुमचं नाव घेतलं होतं," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"रत्नीनं गॅस बंद केला का, असं."

वहिनीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

विट्याला तृप्तीच्या वडिलांनी आम्हाला बसा म्हटलं. पाणी आलं. चहाचं नाव निघेना. तृप्तीची आई दाराच्या आड उभी होती, हाताची घडी घालून. अण्णा खाली बघून पायाचा अंगठा हलवत होते. पालीसाठी सुटली होती ती जीभ इथं टाळ्याला चिकटलेली.

मग त्यांनी एकदम हात जोडले. "माझं चुकलं," ते व्याह्यांना म्हणाले. "मी बोलायला पाहिजे होतं. तिसऱ्या महिन्यातच बोलायला पाहिजे होतं."

व्याही आतल्या बाजूला वळून म्हणाले, "तृप्ती, बाहेर ये."

तृप्ती आली. कडेवर पोरगी. पोरीच्या अंगात पिवळं झबलं, डोळ्यांत भरघोस काजळ, आणि साय-केशराचा कुठं मागमूस नाही. तृप्ती आमच्यासमोर उभी राहिली, पण उंबऱ्याच्या आतच.

"रंग उजळला नाही अजून, आत्ती," ती सासूला म्हणाली. "तुमची केशराची डबी आईनं शिऱ्यात वापरली. चालेल का?"

वहिनीनं वाटेत घोकलेलं वाक्य बहुधा याच जागी म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात पोरीनं मान वळवून वहिनीकडं बघितलं. पाच महिन्यांची पोर, अनोळखी माणूस दिसलं की टक लावून बघतात तशी बघत राहिली. आणि तिची डावी भुवई हळूहळू वर गेली.

रत्नावहिनीचा हात आपोआप मागं गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

गेल्या कित्येक वर्षांत वहिनीच्या डोक्यावर पदर मी कुणापुढंच पाहिला नव्हता, आमदारापुढं नाही की गुरवापुढं नाही. तृप्तीनं ते बघितलं. तिनं नवऱ्याकडं एकदा नजर टाकली. त्यानं तिला आदल्या संध्याकाळी फोनवर काय काय सांगितलं होतं, ते मला तिथं तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. पोरगी एम. एस्सी. होती, पण त्याहून हुशार होती.

"येतेस ना गं घरी?" वहिनीनं सुनेला विचारलं.

"मला काय विचारता, आत्ती?" तृप्ती म्हणाली आणि पोरीला थोडी पुढं धरली. "थोरल्यांना विचारा. त्या म्हणतील तसं."

वहिनी पदर सावरत पुढं झाली. पोरीपुढं वाकली.

"येताय न्हवं घरी?" तिनं विचारलं, आणि पोरीसमोर बोट धरलं.

पोरीनं ते बोट मुठीत पकडलं, तोंडात घातलं आणि बिनदाताच्या हिरड्यांनी जोर लावून चावलं.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोट तिनं सोडवलं नाही.

"अजून तशाच आहेत," ती म्हणाली.